लाईव्ह लोकेशन, पौलाचं जहाज आणि "देवाच्या हाती सोपवा" म्हणजे नेमकं काय करायचं

माझी मुलगी पुण्याला शिकते. रविवारी उपासना झाली, मटण-भात झाला की दुपारच्या एसटीने नगरहून निघते (कागदावर अहिल्यानगर झालंय पण तोंडातून नगरच निघतं) आणि सीटवर बसली की मला लाईव्ह लोकेशन पाठवते, म्हणजे मीच पाठवायला लावते. मग पुढचे तीन-साडेतीन तास मी तो ठिपका बघत बसते. सुपा गेलं. शिरूर आलं. रांजणगाव, शिकरापूर, आणि मग वाघोलीत ठिपका जो थांबतो तो थांबतोच, आता तिथे ट्रॅफिक असतं हे सगळ्यांना माहितीये तरी माझ्या पोटात गोळा येतो, मी डोळे मिटते, प्रभू लेकराला सांभाळ म्हणते, डोळे उघडते आणि रिफ्रेश करते. परत डोळे मिटते. परत रिफ्रेश.

एकदा तीच म्हणाली, "मम्मी, तू बघितल्याने बस जोरात पळते का गं?"

आणि ही मी कोण, तर मंडळीत संडे स्कूल घेणारी बाई. देव सार्वभौम आहे, सगळं त्याच्या हातात आहे, हे मी पोरांना घडाघडा सांगते. त्या दिवशी मात्र वाटलं की हा शब्द आपण इतका वापरतो पण कुणी समोर बसवून विचारलं की बाई याचा अर्थ काय आणि याच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, तर मला धड सांगता येईल का? म्हणून हे लिहितेय, स्वतःलाच समजावून सांगितल्यासारखं.

सार्वभौम हा शब्द आपण पहिल्यांदा चर्चमध्ये नाही वाचला. शाळेच्या पुस्तकात पुढच्या पानांवर संविधानाची उद्देशिका असते ना, त्यात वाचला. सार्वभौम देश म्हणजे ज्याला दुसऱ्या कुणाला विचारून निर्णय घ्यावे लागत नाहीत. देवाबद्दल म्हणताना तोच अर्थ पण पार टोकापर्यंत नेलेला, म्हणजे असं काहीच नाही जे त्याच्या राज्याच्या हद्दीबाहेर घडतं. पाऊस, बाजार, सरकार, माझं बीपी, वाघोलीचं ट्रॅफिक. येशूने तर चिमण्यांचं उदाहरण दिलंय, पैशाला दोन मिळणाऱ्या चिमण्या, त्यातली एकही बापाला सोडून जमिनीवर पडत नाही, आणि तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजलेले आहेत.

इथे आपल्याकडे एक घोळ होतो. आपण मराठी माणसं, ख्रिस्ती असलो तरी, घरात "नशिबात असेल ते होईल", "कपाळावर लिहिलंय ते चुकत नाही" हेच ऐकत मोठे झालो. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, विषय संपला, तिला पुसता येत नाही, तिच्याशी भांडता येत नाही, ती परत येतच नाही. बरेच ख्रिस्ती लोक सटवाईच्या जागी देवाचं नाव घालतात आणि त्याला विश्वास म्हणतात. पण दैव वेगळं आणि देव वेगळा. एका मात्रेचा फरक आहे, पण दैवाला कान नसतात. पवित्र शास्त्रातला देव सार्वभौम आहे आणि बाप आहे, दोन्ही एकदम, त्यामुळे त्याच्याशी बोलता येतं, रडता येतं, तक्रार करता येते. स्तोत्रसंहिता उघडून बघा, "हे प्रभू, कुठवर?" असं विचारणारी किती स्तोत्रं आहेत. नशिबाला कुणी कुठवर असं विचारत नाही.

आता कंट्रोल. माणसाला कंट्रोल का हवा असतो यावर फार खोल जायची गरज नाही, भीती वाटते म्हणून हवा असतो, बस. पण तो हातात घेतला की काय होतं याची एक गोष्ट बायबलच्या पहिल्याच, उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. देवाने अब्राहामाला सांगितलं की तुझं मोठं राष्ट्र करीन, तेव्हा तो ७५ वर्षांचा. पोरबाळ नाही. कनान देशात येऊन दहा वर्षं झाली तरी नाही. मग त्याची बायको सारा म्हणाली, माझी दासी हागार आहे, तिच्याकडून मूल होऊ दे. म्हणजे वचन देवाचं पण पूर्ण करायचं काम आपण हातात घेऊया, देवाला जरा मदत. अब्राहाम ८६ वर्षांचा असताना इश्माएल जन्मला. देवाने सांगितलेला मुलगा इसहाक, तो झाला अब्राहामाच्या शंभराव्या वर्षी.

या गोष्टीवर प्रवचन होतं तेव्हा सहसा "थांबायला शिका" एवढ्यावर आटपतं. मला मात्र दरवेळी हागार दिसते. निर्णय साराचा, होकार अब्राहामाचा, आणि गरोदरपणी छळ सोसून रानात पळून कोण गेली तर हागार, जिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आपण कंट्रोल घेतो तेव्हा बिल बहुतेक वेळा तिसराच माणूस भरतो. घरात सगळं माझ्या मनासारखं व्हावं म्हणून मी किती वेळा सगळ्यांना धारेवर धरलंय ते माझ्या घरच्यांना विचारा (नका विचारू खरं तर).

आणि त्या रानात झऱ्यापाशी देवाचा दूत हागारला भेटतो, आणि ती दासी, मिसरची म्हणजे इजिप्तची, परकी, ती देवाला नाव देते. बघणारा देव. मला बघणारा. रानात एकटी असलेल्या बाईचं लोकेशन कुणाकडेच नव्हतं, तिच्या मालकाकडेही नाही, पण देव बघत होता.

आता मुख्य गोष्टीवर येते, पौलाचं जहाज, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय २७. मला विचाराल तर देवाचं सार्वभौमत्व आणि माणसाची धडपड हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते या एका अध्यायात जेवढं कळतं तेवढं जाडजूड पुस्तकांतून कळत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. पौल म्हणजे येशूची शिकवण गावोगावी पोचवणारा प्रेषित, त्याला रोमला जायचं होतं, फार वर्षांपासून. रोमकरांना पत्रात लिहिलं की मी कितीदा यायचा बेत केला पण अडथळे आले, आणि तुमच्याकडून पुढे स्पेनलाही जाईन. झकास प्लॅन. झालं काय, यरुशलेमेत त्याला पकडलं आणि कैसरियात दोन वर्षं कैदेत ठेवलं. दोन वर्षं का, तर सुभेदार फेलिक्स याला वाटत होतं पौल काहीतरी पैसे देईल. शास्त्रात सरळ लिहिलंय हे. म्हणजे देवाचा प्रेषित दोन वर्षं आत बसला कारण साहेबांना चिरीमिरी हवी होती! फाईल पुढे सरकेना. मग नवा सुभेदार फेस्त आला, पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली, आणि अग्रिप्पा राजा म्हणाला की याने कैसराकडे दाद मागितली नसती तर हा सुटला असता. पण रोमला जायचा रस्ता तोच निघाला. तिकीट सरकारी, पहारा सरकारी.

तर साधारण इसवी सन ६० च्या आसपास हा कैदी जहाजात बसतो. क्रेत बेटाच्या सुंदर बंदर नावाच्या ठिकाणी पोचेपर्यंत प्रवासाचा मोसम संपत आलेला, भूमध्य समुद्रात हिवाळ्याच्या तोंडावर जहाजं बाहेर काढत नसत. पौल म्हणाला इथेच थांबा, नुकसान होईल. पण शताधिपतीने (पहाऱ्यावरचा रोमन अधिकारी) कप्तानाचं आणि जहाजमालकाचं ऐकलं, आणि का नाही ऐकणार, ते धंद्यातले लोक, पौल तंबू शिवणारा. बंदर हिवाळा काढायला सोयीचं नव्हतं, थोडं पुढे चांगलं होतं. आणि मग एक वाक्य येतं ते मला फार आवडतं: दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि त्यांना वाटलं आपलं काम झालं. बस, हाच तो मंद वारा. सगळं प्लॅनप्रमाणे चाललंय असं जेव्हा आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा वारा मंद असतो एवढंच झालेलं असतं, आपली हुशारी नसते.

पुढे युरकुलोन नावाचं तुफान आलं. त्यांनी काय काय केलं बघा, जहाज फुटू नये म्हणून दोरांनी खालून आवळलं, माल समुद्रात टाकला, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामानसुमान स्वतःच्या हातांनी फेकलं. आणि मग बरेच दिवस सूर्य नाही तारे नाहीत. हे आपण वाचताना पटकन पुढे जातो पण त्या काळी समुद्रात सूर्य-तारे हेच जीपीएस होतं. म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळेना. ठिपका गायब. वाघोलीत अडकलेला नाही, स्क्रीनवरूनच गेलेला.

आणि नेमकं तेव्हा पौलाला देवाचा दूत सांगतो, भिऊ नको, तुला कैसरापुढे उभं राहायचंय आणि जहाजातले सगळे जण देवाने तुला दिलेत. जीव कुणाचा जाणार नाही, जहाज जाईल. मात्र कुठल्या बेटावर, कधी, कसं, काही नाही. नकाशा दिला नाही, शब्द दिला.

आता नीट लक्ष द्या कारण खरी मेख इथे आहे. देवाने सांगितलंय सगळे वाचणार. फायनल. मग चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ असल्यासारखी वाटते, ते पाण्याचा ठाव घेतात, वीस वाव (वाव म्हणजे पाण्याची खोली मोजायचं माप), थोडं पुढे पंधरा वाव, खडकावर आपटू या भीतीने मागून चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत प्रार्थना करतात. मग काही खलाशी पुढचे नांगर टाकायच्या बहाण्याने होडी खाली सोडतात, गुपचूप पळून जायला. आणि पौल शिपायांना म्हणतो, हे लोक जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही.

अरे! पण देवाने सांगितलंय ना सगळे वाचणार? मग खलाशी गेले तर काय बिघडलं? तर बिघडलं असतं. कारण देवाने "सगळे वाचणार" हे ठरवलं तेव्हा "खलाशी जहाज हाकणार, शिपाई दोर कापणार, पौल वेळेवर बोलणार" हेही त्यातच आलं. शेवट त्याचा आणि शेवटापर्यंत नेणारी साधनंही त्याचीच. वेस्टमिन्स्टरचा विश्वासाचा जाहीरनामा म्हणून एक दस्तऐवज आहे, १६४६ चा, त्यात हेच जरा वकिली भाषेत मांडलंय, की देव पहिलं कारण आहे पण तो दुय्यम कारणांतून काम करतो, आणि त्यांचा खरेपणा काढून घेत नाही. दुय्यम कारण म्हणजे आपलं एसटीचा ड्रायव्हर, डॉक्टर, सीटबेल्ट, माझा अलार्म. भाकरी देव देतो आणि तवा मी तापवते, दोन्ही खरं.

इथे ख्रिस्ती लोकांमध्ये जुना वाद आहे, लपवायचं कशाला. ज्याँ काल्व्हीन (१५०९ ते १५६४) आणि त्याच्या मागून गेलेले म्हणतात की कोण विश्वास ठेवणार हेसुद्धा शेवटी देवाने निवडलेलं. याकोब आर्मिनियस (१५६० ते १६०९) आणि पुढे मेथडिस्ट म्हणतात की देव कृपा आधी करतो पण माणूस ती नाकारू शकतो. १६१८-१९ ला हॉलंडमध्ये डॉर्ट गावी यावर मोठी सभा बसली आणि आर्मिनियसवाल्यांच्या विरोधात निकाल लागला, पण वाद काही मिटला नाही. आपल्याकडची मजा अशी की १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात प्रेस्बिटेरियन परंपरेचेही (म्हणजे काल्व्हीनच्या वाटेचे) आले आणि मेथडिस्टही, त्यामुळे एकाच बाकावर दोन्ही मतांची माणसं बसतात आणि बहुतेकांना आपण कुठल्या बाजूचे ते माहीतही नसतं. माझं मत विचाराल तर भरवसा कसा ठेवायचा या प्रश्नापुरता दोघांचा फरक फार नाही, दोघंही गुडघ्यावर येऊन प्रार्थनाच करतात.

प्रार्थनेवरून आठवलं. कंट्रोलची सगळ्यात चतुर जागा तीच आहे. बांद्र्याला माउंट मेरीला लोक नवस बोलून मेणाचे हात-पाय, घरं, बाळं वाहतात तर आमच्यासारखे प्रॉटेस्टंट लोक गालातल्या गालात हसतात, आणि घरी येऊन काय करतात, तर इतके दिवस उपास केला म्हणजे देवाने दिलंच पाहिजे, वचनावर हक्क सांगितला म्हणजे मिळालंच पाहिजे. मेण नाही एवढाच फरक. प्रार्थना म्हणजे रिमोट, दाबत राहायचं, चॅनल बदलला नाही तर सेल काढून चावायचे. आणि नाहीच झालं तर "तुमचा विश्वास कमी पडला" असं आजारी माणसाच्या तोंडावर सांगायचं. मला याचा फार राग येतो.

गेथशेमानेच्या बागेत, पकडले जायच्या आदल्या घटकेला, येशूने काय केलं? हा प्याला टळू दे असं सरळ मागितलं. पहिल्याच दमात "तुझ्या इच्छेप्रमाणे" म्हणून साळसूदपणा नाही केला. मागितलं, घाम गाळत मागितलं, मत्तय सांगतो तीनदा तेच म्हणाला, आणि प्रत्येक वेळी शेवटी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. म्हणजे भरवसा ठेवणारा माणूस मागत नाही असं नाही. तो मागतो आणि उत्तराचा अधिकार समोरच्याकडे राहू देतो. हे जमायला अवघड आहे, मला अजून जमत नाही, विशेषतः वाघोलीपाशी.

आता नाजूक विषय. कुणाच्या घरी मयत झाली की आपण दारातून आत शिरतानाच म्हणतो, देवाची इच्छा. तरुण पोरगा गाडीवरून पडून गेला, देवाची इच्छा. सगळं देवाच्या राज्यात घडतं हे खरं मानलं तरी ते वाक्य त्या आईला त्या मिनिटाला फेकून मारायचं नसतं. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी बघा, येशूला माहीत होतं की पाच मिनिटांत हा जिवंत होऊन बाहेर येणार, तरी तो रडला. ज्याच्या हातात सगळं आहे तो रडतो आणि ज्यांच्या हातात काहीच नाही ते आपण स्पष्टीकरण देतो. भावांनी खड्ड्यात टाकून विकलेला योसेफ पुढे त्यांना म्हणाला ना की तुम्ही माझं वाईट योजलंत पण देवाने त्यातून चांगलं योजलं, ते त्याने स्वतःबद्दल म्हटलं, आणि तेही विकलं गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी, सगळं होऊन गेल्यावर. खड्ड्यात असताना वरून कुणी ते वाक्य ऐकवलं नाही त्याला. आणि वाईटाला त्याने वाईटच म्हटलं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. दुष्काळात आई, वडील, बहीण थोड्याच काळात गेले. पुढे भाऊ. लग्न झालं तर दोन वर्षांच्या आत, १८८२ ला, नवरा गेला आणि पदरात लहानगी मनोरमा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. मग शारदासदन, मग दुष्काळातल्या मुलींना आणून केडगावचं मुक्तिसदन. ही बाई हातावर हात धरून बसली का? मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या, त्यांना काम शिकवलं, छापखाना चालवला, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. आणि सगळं कुणाच्या हाती द्यायचं, तर मनोरमा होती, शिकलेली, कामाला वाघ. १९२१ ला मनोरमा गेली. आईच्या आधी. वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. वारसाचा प्लॅन असा कोलमडला, आणि केडगावचं काम आजही चालू आहे. मनोरमा का गेली याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कुणी देऊ लागलं तर मी तिथून उठून जाईन.

परत जहाजावर येते कारण तिथे माणसं उपाशी आहेत. चौदा दिवस धड जेवले नाहीत भीतीने. पहाट होत आली तेव्हा पौल म्हणतो, जेवून घ्या. तुफान थांबलेलं नाही, किनारा दिसलेला नाही, आणि हा कैदी भाकर घेतो, सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. मग सगळ्यांना धीर येतो, २७६ माणसं जेवतात. सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं असं मी वर विचारलं होतं ना, मला याच्या जवळ जाणारं दुसरं काही सापडलेलं नाही. जे हातात आहे ते करून झालं, नांगर टाकून झाले, आता पुढचं दिसत नाहीये, तर जेवून घे. माझ्या बाबतीत म्हणजे पोरीला सांगायचं की पुढच्या सीटवर बसू नको, फोन चार्ज ठेव, हे माझं काम. प्रार्थना, हेही माझं काम. ठिपका ढकलणं हे माझं काम नाही, मी ते करतच नव्हते, करतेय असं फक्त वाटत होतं.

उजाडल्यावर जहाज वाळूत रुतलं, मागचा भाग लाटांनी फुटला. शिपायांचा विचार होता की कैदी पोहून पळतील तर मारून टाकावेत, पण युल्य शताधिपतीला पौलाला वाचवायचं होतं म्हणून त्याने अडवलं. बघा परत दुय्यम कारण, एक रोमन हवालदारसाहेब. ज्यांना पोहता येतं त्यांनी उड्या टाकल्या, बाकीचे फळ्यांवर, जहाजाच्या तुकड्यांवर. सगळे किनाऱ्याला लागले. वचन पूर्ण झालं, पण ओल्या कपड्यांनी, फळीला धरून, आणि जहाज कामातून गेलं.

ते बेट म्हणजे मिलिता, आजचं माल्टा. पाऊस पडतोय, थंडी आहे, तिथल्या लोकांनी शेकोटी पेटवली. आणि पौल, ज्याच्याशी आत्ताच देवदूत बोलून गेला, तो काय करतोय तर काटक्या गोळा करतोय. त्या मोळीतून साप निघतो आणि त्याच्या हाताला डसतो. बेटावरचे लोक लगेच म्हणतात, हा खुनी असणार, समुद्रातून वाचला तरी दैव याला जगू देत नाही. बघत बसतात आता सुजेल, आता पडेल. बराच वेळ होतो, काहीच होत नाही, तर मत बदलून म्हणतात हा देव आहे.

दोन्ही वेळा चूक. पौलाने तोवर साप विस्तवात झटकून टाकलेला असतो.